दुमजली अपूर्णांक: पोरांना आधी कोणती रीत शिकवावी?

बाभूळबन
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी समाजमंदिरात मी आठवी ते दहावीच्या मुलांचा गणिताचा वर्ग घेते. सध्या गाडी अडली आहे ती अंशातही अपूर्णांक आणि छेदातही अपूर्णांक अशा गणितांवर. वर्गात आम्ही त्यांना दुमजली अपूर्णांक म्हणतो. सुटे अपूर्णांक मुलांना येतात. बेरीज-वजाबाकी येते, भागाकार दिसला की "उलट करून गुणा" हेही तोंडपाठ. पण एकाच्या डोक्यावर दुसरा बसला की हात थांबतात.

परवा फळ्यावर हे गणित दिलं होतं:

(१/२ + १/३) / (३/४ − १/६)

फळ्याशी आलेल्या मुलीने वरच्या अर्ध्यातला २ आणि खालच्या पाऊणातला ४ थेट काटला. वर राहिलं १ + १/३, खाली ३/२ − १/६. दोन्हीकडे ४/३ आलं आणि उत्तर १. इतकं स्वच्छ उत्तर आल्यावर ते चुकलंय हे तिला पटेचना. खरं उत्तर १०/७ आहे.

आता प्रश्न. शाळेत शिकवतात ती रीत अशी: वरचं आवरा, ५/६ आले. खालचं आवरा, ७/१२ आले. मग ५/६ × १२/७ = १०/७. दुसरी रीत अशी की आतल्या सगळ्या छोट्या छेदांचा, म्हणजे २, ३, ४, ६ यांचा लसावि घ्यायचा, १२, आणि वरच्या-खालच्या प्रत्येक पदाला त्याने गुणायचं. (६ + ४)/(९ − २) = १०/७. एका ओळीत आतले सगळे अपूर्णांक गायब.

माझं मत असं की दुसरी रीत आधी शिकवावी. मुलांची भीती अपूर्णांकांचीच आहे, तर ते पहिल्याच पायरीला घालवून टाकावेत. पण ओळखीतल्या शिक्षकांपैकी बहुतेकांना हे मान्य नाही. तुमचा अनुभव सांगा.

दारव्हेकर
बाई, विरोध नोंदवतो. माध्यमिक शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, त्या जोरावर बोलतोय.

कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) मुलांना पाचवी-सहावीपासून पाठ असतं. मधली मोठी आडवी रेघ म्हणजे न लिहिलेले दोन कंस, एक वर आणि एक खाली. कंस आधी सोडवायचा हे मुलांना माहीत आहेच, त्यात नवीन काही शिकावं लागत नाही. तुमच्या विद्यार्थिनीने काटाकाटी केली ती तिला हा कंस दिसला नाही म्हणून. लसाविची रीत दाखवून तो दिसायला लागेल असं मला वाटत नाही. उलट वर तीन पदं, खाली तीन पदं असली की मुलं एखाद्या पदाला गुणायचं हमखास विसरतात, आणि विशेषतः पूर्णांक पदाला. २ + १/३ असेल तर १/३ ला गुणतात, २ तसाच ठेवतात.

शिवाय परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. पहिल्या रीतीत शेवटी चुकलं तरी मधले गुण पदरात पडतात.

पऱ्हाटीवाला
बाईले आन मास्तरले, दोघायलेबी नमस्कार. मी दहावीनंतर शेतीत आलो. पन हे गनित आमी रोजच करतो. औंदा अडीच एकरात साडेसतरा क्विंटल सोयाबीन झालं. एकरी किती? मी अडीचाले उलटंपालटं काई करत नाई. दोन्हीले दुप्पट करतो. पस्तीस भागिले पाच, सात क्विंटल. झालं. बाईची दुसरी रीत मंजे हेच ना?

बाभूळबन
अगदी हेच, भाऊ! वर ३५/२, खाली ५/२, लसावि २. तुमचं सोयाबीन उद्या फळ्यावर येणार.

दारव्हेकर
उदाहरण झकास आहे. पण दोन्हीकडे निम्मेच होते म्हणून सोपं पडलं. वर पाऊण आणि खाली एक तृतीयांश असतं तर?

पऱ्हाटीवाला
तं बारापट करा. पाऊनचे नऊ, तिहाईचे चार. नऊ भागिले चार, सव्वादोन.

पाटीपेन्सिल
पऱ्हाटीवाले, शाब्बास! तुमच्या घरी कोणीतरी जुन्या पाढ्यांचं माणूस असणार.

आमच्या वेळी आर्वीकडच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे रोज म्हणून घेत. पाऊणकी म्हणजे: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. औटकी साडेतीनची. हे पाढे येणाऱ्याला "साडेदहात साडेतीन किती वेळा" हा प्रश्न पडतच नसे, कारण तीन औटे साडेदहा हे जिभेवर असे. तिथे ना व्यस्त (उलटा केलेला अपूर्णांक) लागत, ना लसावि.

आता मुलांना ३/४ वाचता येतं, पण त्याला "पाऊण" म्हणा म्हटलं की थांबतात. माझी बाईंना विनंती आहे, रीत कोणतीही शिकवा, वर्ग सुरू होताना पाच मिनिटं पाऊणकी आणि दिडकी म्हणून घ्या. अपूर्णांक ही मोजता येणारी वस्तू आहे हे कानात बसलं पाहिजे.

तूरडाळ_भात
+१. आमच्या आजीला शाळा माहीत नव्हती, पण बाजारात सव्वा किलोचा भाव पाऊण किलोवर आणायला तिला कोणी हरवू शकत नसे.

सायन्सवाली_पोट्टी
मी बारावीत आहे. अपूर्णांकांचा खरा त्रास गणितात नाही, भौतिकशास्त्रात होतो हे सांगायला आले. शाळेत विजेच्या रोधांची समांतर जोडणी असते ना, १/र = १/६ + १/३. सगळे जण बेरीज करतात, १/२ आणतात आणि उत्तर लिहितात अर्धा ओहम! शेवटी उलटायचं राहतं. खरं तर रोध २ ओहम. मी सुरुवातीपासूनच र = १/(१/६ + १/३) असं दुमजली मांडते. वर-खाली ६ ने गुणलं की ६/(१ + २) = २. शेवटची पायरी विसरायला जागाच राहत नाही.

भिंगाच्या सूत्रालाही हेच. बाईंच्या बाजूने माझं एक मत धरा.

बाभूळबन
ताई, "विसरायला जागाच राहत नाही" हे फार नेमकं बोललीस. दहावीच्या मुलांना तुझंच उदाहरण देते.

हौदावरचा
तेच गणित आमच्या हौदाचं. एका मोटरने हौद ६ तासांत भरतो, दुसरीने ४ तासांत. दोन्ही लावल्या तर १/(१/६ + १/४). बारापट करा, १२/(२ + ३) = १२/५, म्हणजे २ तास २४ मिनिटं. फक्त दोन्ही मोटरी चालतील इतका वेळ लाईन राहिली पाहिजे.

तूरडाळ_भात
हौदावरचे, लाईनचं गणित कोणत्याच लसाविने सुटत नाही 😄

हौदावरचा
खरं आहे. आमच्याकडे रात्रीची पाळी आहे. टॉर्च घेऊन विहिरीवर बसलो की अशी गणितं आपोआप होतात.

मोबाईल_मास्तर
एक वेगळा मुद्दा मांडतो, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा आहे. आता गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या गटावर जातो. आमच्या एका गटात गणित आलं: ३/४/५. सोडवा.

काय सोडवायचं? मोठी रेघ ४ च्या खाली असेल तर (३/४)/५ = ३/२०. मोठी रेघ ३ च्या खाली असेल तर ३/(४/५) = १५/४. एक उत्तर एकाच्या आत, दुसरं पावणेचार. अर्ध्या मुलांनी हे आणलं, अर्ध्यांनी ते, आणि भांडण लागलं. वहीत रेघेची लांबी सगळं सांगते. फोनवर रेघ नसते, तिथे कंस टाकावाच लागतो. एका गाईडात तर छापतानाच दोन्ही रेघा सारख्याच लांबीच्या घेतल्या होत्या. मुलाने काय समजायचं?

म्हणून आमच्या वर्गात नियम आहे: मोठी रेघ पट्टीने काढायची, आणि बरोबरचं चिन्ह त्या मोठ्या रेघेसमोरच द्यायचं. बरोबरचं चिन्ह लहान रेघेसमोर गेलं की पुढचं सगळं घसरतं.

दारव्हेकर
मोबाईल मास्तर, शंभर टक्के सहमत. मी म्हटलेला कंस तो हाच. बरोबरच्या चिन्हाची जागा हा मुद्दा तर प्रत्येक गणिताच्या शिक्षकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.

बाभूळबन
दारव्हेकर सर, कंस दिसला पाहिजे हे मलाही पटलं. पण कंस दिसल्यावर आत काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

गणितवेडी
वर्ध्याहून. बीजगणितात काय होतं ते मांडते, कारण खरी परीक्षा तिथे आहे. हे घ्या:

(१/अ − १/ब) / (१/अ² − १/ब²)

लसावि अ²ब². वर होतं अब² − अ²ब, खाली ब² − अ². अवयव पाडा: वर अब(ब − अ), खाली (ब − अ)(ब + अ). (ब − अ) काटला, उत्तर अब/(अ + ब).

अ = २, ब = ३ घालून पडताळा घ्या. वर १/६, खाली १/४ − १/९ = ५/३६. भागाकार ६/५. आणि अब/(अ + ब) सुद्धा ६/५. बीजगणितातलं प्रत्येक उत्तर असं दोन छोट्या संख्या घालून तपासायची सवय मुलांना लावाच. बाईंच्या त्या विद्यार्थिनीलाही असंच करता आलं असतं: वर अर्धा आणि तिहाई मिळून पाऊणपेक्षा जास्त, खाली पाऊणातूनही काही वजा केलेलं. वरचं मोठं, खालचं लहान, मग उत्तर १ कसं येईल?

आणि एक कळकळीची गोष्ट. शेवटी अटी लिहा. अ आणि ब शून्य नकोत, अ = ब नको, अ = −ब नको. शेवटच्या अब/(अ + ब) कडे बघून वाटतं की अ = ब चालेल. पण मूळ गणितात तेव्हा खाली शून्य येतो. सोपं रूप दिलं म्हणून मूळ अट संपत नाही.

दारव्हेकर
गणितवेडी, पडताळ्याचं आणि अटींचं अगदी योग्य बोललात. आता माझ्या बाजूचं एक बीजगणित घ्या.

((क² − ९)/(क + २)) / ((क − ३)/(क² − ४))

इथे वर एकच अपूर्णांक, खाली एकच. खालचा उलटा, अवयव पाडा: (क − ३)(क + ३)/(क + २) × (क − २)(क + २)/(क − ३). काटाकाटी करून (क + ३)(क − २). लसावि घेणारा मुलगा इथे (क + २)(क² − ४) ने गुणत बसतो आणि घनाच्या राशीत अडकतो.

गणितवेडी
सर, लसावि (क + २)(क² − ४) नाही, क² − ४ च आहे. (क + २) त्यातच आहे. पण तुमचा मुद्दा मान्य. वर-खाली एकेकच अपूर्णांक असेल तर उलट करून गुणणं सरळ पडतं. बेरीज-वजाबाकी आत आली की लसावि. अट इथेही: क ची किंमत ३, २, −२ नको.

दारव्हेकर
लसाविचं बरोबर. मुलगा मात्र गुणाकारच घेतो, हेच माझं म्हणणं.

शिष्यवृत्तीपालक
माझी मुलगी आठवीला, शिष्यवृत्तीची तयारी करते. तिला एका शिकवणीत "बाहेरच्यांचा गुणाकार वर, मधल्यांचा खाली" असं शिकवलं. (अ/ब)/(क/ड) असेल तर अड/बक. झटपट होतं. हे चालेल का?

मोबाईल_मास्तर
चालेल, पण वर-खाली एकेकच अपूर्णांक असेल तरच. वर १/२ + १/३ असेल तर मुलं बाहेरचा १ आणि खालचा ६ घेऊन गुणून मोकळी होतात. युक्ती द्यायची असेल तर ती कुठे थांबते तेही त्याच दिवशी सांगा.

पाटीपेन्सिल
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे शके १०७२ किंवा इसवी सन ११५० च्या ग्रंथात, एका कंजुषाचं गणित आहे. याचकाला त्याने काय दिलं? एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण भागाचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा हिस्सा, आणि त्याचा चौथा. तर त्याने कवड्या किती दिल्या?

१/२ × २/३ × ३/४ × १/५ × १/१६ × १/४. वर ६, खाली ७६८०. म्हणजे १/१२८०. आणि त्या काळी २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. २० × ४ × १६ = १२८०. दिली एकच कवडी!

तूरडाळ_भात
कवडीचुंबक म्हणतात तो हाच का? 😄

सायन्सवाली_पोट्टी
एवढा हिशोब करण्यापेक्षा याचकाने पुढचं दार गाठलं असतं.

पाटीपेन्सिल
गंमत सोडून एक कामाचं सांगतो. अपूर्णांकाच्या भागाकाराची रीत त्याच ग्रंथात आहे: "छेदं लवं च परिवर्त्य हरस्य", भाजकाचा छेद आणि अंश यांची अदलाबदल करा आणि मग गुणाकाराची रीत लावा. म्हणजे दारव्हेकर सरांची रीत. आणि त्याच्याही आधी, इसवी सन ८५० च्या सुमाराला राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी अपूर्णांकांचे प्रकार पाडले, त्यात छेदातच अपूर्णांक असणाऱ्यांना "भागभाग" असा वेगळा प्रकार दिला. लसाविला ते "निरुद्ध" म्हणत आणि अपूर्णांकांचे छेद समान करायला तो वापरत. तेव्हा बाईंच्या रीतीलाही मोठा आधार आहे.

धानपट्टी
भंडाऱ्याकडून. मी वाचतच होतो जी, आता लिहितो. आमच्याकडे वाटणीचा प्रश्न आला होता. सातबारावर जुनी आणेवारी होती, म्हणजे हिस्से आण्या-पैत लिहिलेले. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. माझ्या हिश्शाला १ आणा ४ पै. म्हणजे १६ पै, १६/१९२, म्हणजे १/१२. आता जमीन माझ्या वाट्याला पाऊण एकर. तर सगळं शेत किती होतं?

(३/४) / (१/१२) = ९ एकर.

माझ्या पोराने विचारलं, बाबा, भागाकार केला आन उत्तर वाढलं कसं? पाऊणचे नऊ कसे झाले? मला सांगता आलं जी, कारण शेत डोळ्यासमोर होतं. माझ्यासारखे बारा हिस्से असतील तर शेत माझ्या हिश्शाच्या बारापट असणारच. पण नुसतं "उलट करून गुणा" पाठ असलेल्या पोराला हे कोण सांगणार?

बाभूळबन
धानपट्टी दादा, हाच तो प्रश्न आहे ज्यासाठी मी हा धागा काढला, आणि तो तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात. बारावा हिस्सा हातात असेल तर अख्खं मिळवायला बारापट करायची, म्हणून १/१२ ने भागणं आणि १२ ने गुणणं एकच. हे मुलांच्या तोंडून आलं पाहिजे.

जिनिंगवाला
कापसातही रोज हेच. कापसाला रुईचा उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून निघणारी रुई, समजा शेकडा ३४ आहे. रुईची एक खंडी ३५६ किलोची. तर खंडीभर रुईला कापूस किती लागेल? ३५६ भागिले ३४/१००. वर-खाली १०० ने गुणा, ३५६००/३४, साधारण १०४७ किलो, म्हणजे साडेदहा क्विंटलच्या जरा खाली. उतारा एका टक्क्याने घसरला, ३३ वर आला, की तोच आकडा सुमारे १०७९. छेदातला छोटा फरक किती महागात पडतो ते व्यापाऱ्याला पक्कं माहीत असतं. शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असावं.

पऱ्हाटीवाला
जिनिंगवाले भाऊ, हे लय कामाचं सांगतलं. आमाले भाव सांगतेत, उतारा कोनी सांगत नाई.

हौदावरचा
अजून एक. शाळेत सायकलने जाताना ताशी १२ किलोमीटर, येताना समोरून वारा म्हणून ताशी ८. सरासरी वेग किती? सगळे म्हणतात १०. पण येताना वेळ जास्त लागतो. २/(१/१२ + १/८), वर-खाली २४ ने गुणा, ४८/(२ + ३) = ९.६. अंतर किती होतं ते विचारावंच लागत नाही.

सायन्सवाली_पोट्टी
आमच्या वर्गात हे गणित सरांनी विचारलं होतं आणि १० न म्हणणारे दोघंच होते. मी त्यातली 😊

गणितवेडी
सगळे मजल्यांवर बोलताहात तर थोडं वर चढू. ३ + १/७ म्हणजे २२/७, हे सगळ्यांना माहीत. आता ७ च्या जागी ७ + १/१६ ठेवा:

३ + १/(७ + १/१६)

खालून सुरुवात करा. ७ + १/१६ = ११३/१६. उलटलं, १६/११३. त्यात ३ मिळवले, ३५५/११३. ही पायची किंमत दशांश चिन्हानंतर सहा घरांपर्यंत बरोबर येते, ३.१४१५९२. फक्त एक मजला वाढवला आणि एवढी अचूकता आली. दहावीच्या मुलांना हे दाखवा, डोळे मोठे होतात.

इथे मात्र माझं मत दारव्हेकर सरांकडे झुकतं. अशा मजल्यावर मजला असलेल्या अपूर्णांकात एकदम सगळा लसावि काढायला जाऊ नये. खालून एकेक मजला आवरत यावं.

दारव्हेकर
धन्यवाद. एक मत मिळालं.

खडूफळा
सगळा धागा वाचला. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला वाटतं दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत.

अपूर्णांकाच्या वर आणि खाली एकाच संख्येने गुणलं, ती संख्या शून्य नसेल, तर किंमत बदलत नाही. हे मुलांना सममूल्य अपूर्णांकांपासून माहीत आहे: १/२ = २/४ = ३/६. बाईंची रीत म्हणजे हाच नियम, गुणायला १२ घेतले. दारव्हेकर सरांची रीतही हाच नियम आहे, फक्त गुणायला छेदाचा व्यस्त घेतला. (५/६)/(७/१२) घ्या. वर-खाली १२/७ ने गुणा. खाली ७/१२ × १२/७ = १. छेदात १ राहिला म्हणजे तो लिहायचीही गरज नाही. वर उरलं ५/६ × १२/७. "उलट करून गुणा" हे आलं ते इथून.

म्हणून माझ्या वर्गात मी कोणतीच रीत आधी शिकवत नाही. गणित फळ्यावर लिहितो आणि एकच प्रश्न विचारतो: वर-खाली कशाने गुणलं तर खालचं सोपं होईल? कोणी १२ म्हणतं, कोणी १२/७ म्हणतं, एखादा २४ म्हणतो आणि तेही बरोबर असतं, फक्त शेवटी काटावं लागतं. आठवीत "गुणोत्तरीय बैजिक राशी" येतात तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उपयोगी पडतो, फक्त १२ च्या जागी अ²ब² येतं.

आणि त्या मुलीची काटाकाटी का चुकली तेही यातूनच सांगता येतं. तिने वरच्या एका पदाला २ ने गुणलं आणि दुसऱ्याला नाही. गुणायचं तर सगळ्या वरच्याला आणि सगळ्या खालच्याला.

दारव्हेकर
खडूफळा, हे स्पष्टीकरण मी माझ्या काळात इतक्या थोडक्यात मांडलं नव्हतं. तरी कच्च्या मुलांसाठी एक ठरावीक पायवाट लागते यावर मी ठाम आहे. "कशाने गुणू?" हा प्रश्न हुशार मुलाला आवडतो, कच्च्याला घाबरवतो. त्याला आधी वरचं, मग खालचं, मग भागाकार, एवढंच द्या. नियमाचं नंतर बघू.

खडूफळा
सर, आदराने असहमत. कच्च्या मुलालाच कारणाची गरज जास्त असते. हुशार मूल कारण न सांगताही तरून जातं.

बाभूळबन
आज वर्गात करून आले, ते सांगते.

सोयाबीनच्या गणिताने सुरुवात केली. मग खडूफळा सरांचा प्रश्न विचारला. दोघं-तिघं बोलली, बाकीची गप्प. तेव्हा त्याच मुलीने एक केलं. तिने आपली पट्टी मोठ्या रेघेवर आडवी ठेवली आणि खालचा भाग झाकून टाकला. वर फक्त १/२ + १/३ उरलं. ते सोडवून ५/६ लिहिलं. मग पट्टी वर सरकवली, वरचं झाकलं, खालचे ७/१२ काढले. झाकलेल्या आकड्याशी काटाकाटी करताच येत नाही. शेजारच्या सगळ्यांनी पट्ट्या काढल्या. दारव्हेकर सर, तुमचा कंस तिने असा शोधला.

त्यानंतर मी लसाविने तेच करून दाखवलं आणि दोन्ही उत्तरं जुळवायला सांगितली. निम्म्यांना एक रीत आवडली, निम्म्यांना दुसरी. आता दोन्ही चालू ठेवणार, आणि "वर-खाली एकाच संख्येने" हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायम.

इथल्या पालकांसाठी तीन गणितं देते. मुलांकडून करून घ्या.

(२/३ + १/४) / (५/६ − १/२)

१ + १/(१ + १/(१ + १/२))

(क − १/क) / (१ + १/क)

दारव्हेकर
पट्टीची युक्ती उत्तम. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

पऱ्हाटीवाला
बाई, माह्या पोरीनं केले. नववीत हाय. पयल्याचं ११/४, मंजे पावनेतीन. दुसऱ्याचं ८/५. तिसऱ्याचं क − १. बरोबर हाय का?

गणितवेडी
तिन्ही बरोबर! तिसऱ्यात क शून्य नको आणि −१ पण नको, तेवढं उत्तराशेजारी लिहायला सांगा.

दारव्हेकर
भाऊ, तिने कोणती रीत वापरली?

पऱ्हाटीवाला
पयल्यात आन तिसऱ्यात बाईची. दुसऱ्यात लसावि काढाले गेली तं कोनाचा काढू हेच समजेना, मंग खालून एक एक मजला चढत आली. दोन ओळी जास्त लागल्या मनते, पन कोठी अडली नाई.